झोळीपाशी म्हटलेलं

बोका सेकाच्या शाळेत रुजू झाले त्या आठवड्यात माझ्या पायात पांढरे कॅनव्हासचे बूट होते. ते बूट लक्षात राहण्याचं कारण असं की त्यांच्यावर एक गाणं आहे आणि ते गावात अजून म्हटलं जातं.

बोका सेका म्हणजे इथल्या भाषेत कोरडं तोंड. नदीचं मुख गाळानं भरलं म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं असेल, पण या गावात कुणाचं तोंड कोरडं पडलेलं मी पाहिलेलं नाही. घरं खांबांवर उभी, भरती आली की खाली पाणी, ओहोटी लागली की चिखल, आणि घरांच्या दोन रांगांमधून जाणारी वाट फळ्यांची. मधल्या काही फळ्या तेव्हाही नव्हत्या. तिथं उडी मारायची असते. मी मारत नव्हते. एका हातात खडूंची पेटी, दुसरा हात हवेत, अशी मी एका फळीच्या टोकाशी उभी होते.

समोरच्या ओसरीवर एक बाई झोळी हलवत बसली होती. उंच, रुंद खांद्यांची, डोक्याला पिवळं फडकं. तिनं मला बुटांपासून केसांपर्यंत पाहिलं, परत बुटांकडे आली, आणि झोळीतल्या बाळाला अतिशय संथ, जाड आवाजात गाऊ लागली :

*नीज रे नीज, शाळेची बाई आली,*
*पांढरे बूट घालून चिखलाला भ्याली;*
*अक्षरं शिकवील जगाला, फळीवरून चालेना,*
*नीज रे, तुला तरी कुणी त्याचा पगार देईना.*

आजूबाजूच्या चार ओसऱ्यांवरून हसू आलं. बाळ झोपलं. मी उडी मारली आणि गुडघ्यापर्यंत चिखलात गेले.

मी तेव्हा प्लासिदा सिनिस्तेर्राच्या घरी एका खोलीत राहत होते. प्लासिदा बुटकी, गोल, नेहमी इस्त्रीच्या झग्यातली. नाताळात चर्चमध्ये लाकडी बाळ येशूला झोपवण्याची गाणी गाणाऱ्या बायकांची ती म्होरकी. तिच्या हातात बी भरलेली बांबूची नळी असे. ती खुळखुळवली की मागचे ढोल सुरू होत आणि बायका सूर धरून गात. मी तिच्याकडे तक्रार घेऊन गेले.

"सेन्योरा प्लासिदा, समोरच्या बाईंनी माझा अपमान केला."

"उबेर्तिनानं? झोळी हलवताना केला की नुसताच?"

"झोळी हलवताना."

"मग नाही केला. पाय धुऊन घ्या, फळ्यांवर चिखल नको."

मग तिनं तळलेली केळी पुढे ठेवत मला गावाचा कायदा सांगितला. झोळीपाशी म्हटलेलं पोराचं असतं. आई म्हणो, आजी म्हणो, शेजारीण म्हणो. पोराला झोपवताना जे तोंडातून येईल ते पोराशी केलेलं बोलणं. त्यावर मोठ्या माणसानं रागवायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, दुसऱ्या दिवशी तो विषय काढायचा नाही. जो काढील त्यानं मान्य केलं की ते गाणं त्याला लागू पडतं.

"आणि या कायद्यावर," प्लासिदा म्हणाली, "ती बया जन्मभर जगत आली आहे. माझ्यावरची ऐकली नाहीत अजून तुम्ही. ऐकाल."

ऐकली.

अंगाई म्हणजे काहीतरी मऊ, दुधासारखं, असं मानणारे लोक मला पुष्कळ भेटले. त्यातले बहुतेक पुरुष होते आणि उरलेल्यांच्या घरी मोलकरीण होती. बोका सेकात ओहोटी लागली की बायका होड्या घेऊन तिवरांच्या रानात जातात. डासांसाठी नारळाचं सोडण एका डब्यात पेटवून तो धुराचा डबा सोबत न्यायचा, आणि कमरेइतक्या चिखलात वाकून मुळांच्या बेचक्यांतून काळ्या शिंपल्या, पियांग्वा, हातानं चाचपून काढायच्या. तान्ही पोरं तिथं नेता येत नाहीत. ती उबेर्तिना कुंदुमीच्या ओसरीवर ठेवतात. तुळईला झोळ्या टांगलेल्या, सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या एका काठीला बांधलेल्या, आणि ती काठी उबेर्तिनाच्या पायाच्या अंगठ्यात. अंगठा हलला की सगळं बोका सेका डुलायचं. हात मोकळे राहत. त्यात ती जाळं विणी किंवा केळी सोली. आया परत आल्या की टोपलीतल्या मूठभर शिंपल्या तिच्या पातेल्यात टाकत आणि आपापलं पोर उचलून नेत.

एवढ्या पोरांना एकाच वेळी झोपवायचं तर गोड बोलून भागत नाही. उबेर्तिनाचं म्हणणं असं की पोराला खोटं कळतं. "चांदोबा, परी, सोन्याचा पाळणा. छपरातून पाणी गळतंय त्याच्या नाकावर आणि तुम्ही सांगताय सोन्याचा पाळणा. कशाला झोपेल ते? डोळे उघडे ठेवून बघत बसेल, ही बाई आणखी काय फेकते म्हणून." म्हणून ती खरं सांगे. ज्याचा बाप पत्ते कुटत बसे त्याला ती तसं सांगे. ज्याची आत्या दोघांना एकाच रविवारचा वायदा करी त्याला तेही. भिंती फळ्यांच्या, त्यामुळे पोरांबरोबर बाकीच्यांनाही कळे. गावात वर्तमानपत्र येत नसे आणि कुणाला त्याची उणीव भासत नसे.

तिला काहीच पसंत नव्हतं. पाद्री फार लांबवतो. ढोलवाला हात दुखतो म्हणून मधेच थांबतो. बुएनाव्हेन्तुरा बंदराहून येणारा बर्फ पातळ असतो. मला ती "बाई" म्हणे, पण अशा सुरात, की शाळेच्या शिपायाला हाक मारतेय असं वाटे. माझ्या वर्गातून पुढे गेलेला एक मुलगा कारकून झाला, तर म्हणाली, "चांगलं झालं. चिखलात उभं राहायला अक्कल लागते." एकदा शहरातून एक परिचारिका आली आणि बाळांना पाठीवर झोपवावं की कुशीवर, याचे रंगीत तक्ते लावून गेली. उबेर्तिनानं सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आणि तुमची किती?" परिचारिका म्हणाली, माझं लग्न झालेलं नाही. त्या संध्याकाळी त्यावर गाणं झालं. गाणं मजेशीर होतं, पण अन्यायाचं होतं. पाठीवर झोपवण्याबद्दल परिचारिकेचं बरोबर होतं, आणि उबेर्तिनानं दुसऱ्या दिवसापासून गुपचूप सगळ्या पोरांना तसंच झोपवायला सुरुवात केली.

पण तिचा खरा तिरस्कार राखीव होता तो प्लासिदासाठी. कारण काय ते दोघींनाही आता सांगता येणार नाही. तरुणपणी दोघी एकाच ढोलामागे गायच्या असं म्हणतात. मग म्होरकेपणाची नळी प्लासिदाच्या हातात गेली आणि उबेर्तिना गाणाऱ्या बायकांतून उठून घरी आली ती आलीच. त्यानंतर डिसेंबर आला की तिच्या ओसरीवरून हे ऐकू येई :

*नीज गं नीज, प्लासिदा गायला गेली,*
*लाकडाच्या बाळाला झोपवून घामाघूम झाली;*
*लाकूड काही रडेना, लाकूड काही मुतेना,*
*अशा पोरापुढं गायला माझी कोंबडीही चुकेना.*

दुसरं याहून वाईट होतं. आमच्याकडे बाळाची नाळ पडली की सुईण त्याच्या बेंबीला कसली ना कसली पूड लावते. मुंगीची लावली तर मूल कष्टाळू होतं, वाघनखाची लावली तर निडर. कुणाला काय लावलं ते घरच्यांना ठाऊक असतं, आणि माणसाचं काही बिनसलं की आधी त्याच्या बेंबीचा विषय काढतात. प्लासिदाच्या बेंबीला काय लावलं होतं ते तिच्या आईलाच माहीत. उबेर्तिनानं गावाला सांगितलं :

*पोपटाची जीभ लावली सुईणीनं बेंबीला,*
*तेव्हापासून कुलूप नाही प्लासिदाच्या तोंडाला.*

हे फार सोपं होतं, दोनच ओळींचं, म्हणून पोरांनी उचललं. प्लासिदाची मुलगी निदिया माझ्या वर्गात होती. मधल्या सुट्टीत पोरं तिच्यामागे पोपटासारखे हात फडफडवत हेच म्हणत. मी त्यांना गप्प करी. मी आत गेले की ती पुन्हा सुरू होत. निदिया रडत नसे, ओरडत नसे. ती डब्यातला भात शेवटच्या शितापर्यंत खाई आणि डबा पुसून ठेवी. कधी आवाज न चढवणारं असं पोर वर्गात असलं की मला नेहमी धास्ती वाटते.

तर या निदियानं पुढे मोठी झाल्यावर लग्न केलं उबेर्तिनाच्या एकुलत्या मुलाशी. हेर्मिन्सुल त्याचं नाव. देखणा, होडीचं इंजिन दुरुस्त करणारा, घरात दोन बायकांचं भांडण सुरू झालं की त्याला नेमकं तेव्हाच एखादं इंजिन आठवे. लग्नाच्या जेवणात दोन्ही विहिणी एका बाकावर बसल्या आणि मध्ये त्यांनी मला बसवलं. मी माशाचं कालवण जेवले आणि कुणाकडेही पाहिलं नाही. जोडपं प्लासिदाच्या घरी राहू लागलं, म्हणजे उबेर्तिनाच्या ओसरीच्या बरोबर समोर, फळ्यांच्या वाटेच्या पलीकडे. मी तोवर शेजारीच, प्लासिदाच्या भिंतीला भिंत लावून, माझं घर बांधलं होतं.

मुलगी झाली. बाळाची नाळ पडली त्या दिवशी उबेर्तिना वाट ओलांडून आली. धुतलेला झगा, डोक्याला नवं फडकं, एका हातात औषधी मुळ्या घातलेली उसाची दारू बाळंतिणीसाठी, दुसऱ्या हातात स्वतः विणलेली झोळी. ती त्या दारात यापूर्वी कधी आली असेल तर मी गावात येण्याआधी आली असेल. मी आत बसले होते.

"नाव काय ठेवलंत?" तिनं दारातूनच विचारलं.

"मायेर्ली," निदिया म्हणाली.

"साबणाचं असतं तसं?"

"सासूबाई, आत या. बसा." निदियानं बाळ कुशीतच ठेवलं होतं. "तुम्हाला पोर द्यायच्या आधी एक बोलायचं आहे. माझ्या आईवरची गाणी बंद करायची. या पोरीपुढं तर नाहीच, पण तुमच्या ओसरीवरही नाही."

"गाणी पोरांची असतात."

"ती मी पोर असताना ऐकली आहेत. शाळेत, रोज. बाई बसल्या आहेत, त्यांना विचारा."

उबेर्तिनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"आणि बंद नाही केली तर?"

"तर तुम्ही ही पोर हातात घेणार नाही."

प्लासिदा आत चुलीपाशी होती. एवढा वेळ गप्प राहिलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. नेमकी तेव्हा तिला राहवेना. "अगं, नुसता झोळीचाच नाही, घराचाही कायदा असतो म्हणावं विहीणबाईंना!"

तेवढं पुरलं. उबेर्तिनानं बाटली आणि झोळी उंबऱ्यावर ठेवली. "गाणं काढून घेतलं तर माझ्याकडे उरतं काय, केळी? केळी तुमच्याकडेही आहेत," असं म्हणाली आणि गेली. बाळाचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. निदियाची कूस पलीकडे वळलेली होती.

पुढचे काही आठवडे उबेर्तिनानं भेटेल त्याला सांगितलं की तिला काही फरक पडत नाही. "सगळ्या गावची पोरं माझीच आहेत. त्यात एक कमी. अंगठ्याला तेवढाच आराम." मासे विकणाऱ्याला सांगितलं, पाद्र्याला सांगितलं, मला तीनतीनदा सांगितलं. इतकं सांगावं लागतं तेव्हा काय असतं ते शाळेत पोरं हाताळलेल्या माणसाला कळतं. ओसरीवर ती पूर्वी नदीकडे तोंड करून बसायची. आता वाटेकडे तोंड करून बसू लागली. प्लासिदाची खिडकी समोर होती.

इकडे प्लासिदाच्या घरात मायेर्ली झोपत नव्हती.

प्लासिदाला इतकी वर्षं गाताना सगळ्यांनी ऐकलं होतं, पण खऱ्या पोरापुढे ऐकलं नव्हतं. तिचं गाणं म्हणजे ढोलाच्या वरून चर्चच्या मागच्या बाकापर्यंत पोचवायचं गाणं. ती बाळाला मांडीवर घेई, नळी खुळखुळवी, आणि मायेर्ली डोळे वटारून, मुठी आवळून, आजीच्या वरच्या पट्टीत उत्तर देई. चारचौघांत मी हे म्हणणार नाही, पण उबेर्तिनाच्या गाण्यातली लाकडाची ओळ खरी होती. लाकडी बाळानं या बाईला बिघडवून ठेवलं होतं. त्यानं कधी तक्रार केली नाही.

मग निदियानं फोन आणला. फोनवर चावी दिलेल्या खेळण्यासारखं काहीतरी टुणटुणे आणि एक बाई मेंढ्यांबद्दल गाई. पलीकडून उबेर्तिनाला ते ऐकू गेलं.

"मेंढ्या!" ती जाळ्याला म्हणाली, पण मोठ्यानं. "या गावात मेंढी कुणी पाहिली आहे? पोर विचार करत बसलंय मेंढी म्हणजे काय, झोपणार कधी!"

फोनची बॅटरी संपली. पोर नाही संपली. ओहोटीमागून ओहोटी निदिया घरीच अडकली. इतर बायकांच्या होड्या जात आणि ती ओसरीवर पोर खांद्यावर घेऊन फेऱ्या मारी. हेर्मिन्सुलला पलीकडच्या गावातलं एक इंजिन आठवलं होतं.

शेवटी ती एकदा चिडून गेलीच. पोर प्लासिदाकडे टाकून, धुराचा डबा घेऊन. मी रडणं ऐकून शेजारी गेले. प्लासिदाचा झगा चुरगळला होता, मी पहिल्यांदाच पाहत होते. तिनं नळी कोपऱ्यात फेकली होती. समोरच्या ओसरीवर झोळ्या भरलेल्या होत्या आणि उबेर्तिनाचं नेहमीचं सुरू झालं. बंदी झाल्यापासून ती प्लासिदावरचीच जास्त गाई, हे वेगळं सांगायला नको.

*नीज गं नीज, प्लासिदा गायला गेली...*

मायेर्लीनं हुंदका अर्ध्यात गिळला. डोकं वळवलं. उबेर्तिना 'लाकूड मुतेना'पर्यंत पोचली तोवर पोरीची मूठ उघडली होती. कोंबडीपाशी ती झोपली.

प्लासिदानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे गाणं संपलं आणि उबेर्तिना जाळ्याचा धागा तोडायला थांबली, तशी पोर पुन्हा कुरकुरली. प्लासिदा उठली. तिचा जबडा असा घट्ट झाला होता की दात करकरलेले मला ऐकू आले. तिनं खिडकीची झडप ढकलली, खाली काठीचा टेकू लावला, आणि स्वतःवरचं गाणं घरात घेतलं.

"बाई," ती म्हणाली, "हे तुम्ही पाहिलं नाही."

"नाही," मी म्हणाले.

त्यानंतर प्रत्येक ओहोटीला ती खिडकी उघडू लागली. निदिया शिंपल्यांना जाऊ लागली. पोर कशी झोपते हे तिनं विचारलं नाही आणि प्लासिदानं सांगितलं नाही. उबेर्तिनाला मात्र खिडकीचं कोडं पडलं. एकदा मी फळीवरून जात होते तर तिनं हटकलं.

"बाई, तुमची शेजारीण उन्हाची खिडकी उघडी टाकून बसते हल्ली. अंगात ऊब कमी झाली की काय?"

मी पाहिलं नाही असं कबूल केलं होतं, सांगणार नाही असं नाही. मी सांगितलं. "तुमच्या गाण्यावर झोपते पोर. फक्त तुमच्या."

पायाचा अंगठा थांबला. झोळ्या थांबल्या. दोन पोरं जागी झाली आणि तिला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशीची ओहोटी सकाळची होती. बायकांच्या होड्या गेल्या. खिडकी उघडली. आणि उबेर्तिनानं घसा साफ करून, आवाज बारीक काढून, सुरू केलं :

*नीज गं नीज चांदणे, आजी तुझी गुणाची,*
*दुसरी आजी तिच्याहून गोड साखरेच्या मनाची...*

आजूबाजूच्या ओसऱ्यांवर माणसं बाहेर आली. ढोलवाल्याच्या बायकोनं मला विचारलं, उबेर्तिनाला ताप आहे का. तिच्याच झोळीतलं एक पोर भोकाड पसरून रडू लागलं. साखर, मध, चांदणी, परी; ज्या मालाला ती जन्मभर नाक मुरडत आली तो सगळा तिनं बाहेर काढला होता, आणि तो गाता येत नव्हता. सूर लागत नव्हता. दुसऱ्या कुणी असं गायलं असतं तर तिनं त्याला महिनाभर सोडलं नसतं. समोरच्या खिडकीतून मायेर्लीचं रडणं असं आलं की फळ्यांवरचे बगळे उडाले.

तरी ती रेटत राहिली. घाम फुटला होता. नजर खिडकीवर.

खिडकीत प्लासिदा आली. कडेवर लाल झालेली पोर.

"उबेर्तिना! काय गातेस हे? मढं निघालंय का कुणाचं?"

"चांगलं गातेय!"

"हे चांगलं? पोरीला पोटदुखी होईल. नीट गा!"

"नीट म्हणजे?"

प्लासिदानं दोन्ही बाजूंच्या ओसऱ्या पाहिल्या. सगळं गाव उभं होतं. मला वाटलं खिडकी लावून घेईल. तिनं पोरीकडे पाहिलं.

"माझ्यावरचं गा," ती म्हणाली.

"कुठलं? तुझ्यावरची पुष्कळ आहेत."

"माज करू नकोस. पोपटाचं गा!"

वाटेवर कुणी हसलं नाही. उबेर्तिनानं पिवळं फडकं सारखं केलं, अंगठा काठीत घातला, आणि आपल्या खऱ्या आवाजात, संथ, जाड, सुरू केलं. पोपटाची जीभ लावली सुईणीनं बेंबीला. आता गाणाऱ्या बाईची एक खोड असते. म्होरकीनं ओळ टाकली की मागच्या बाईनं ती उचलायचीच, तोंडाला सवय असते. प्लासिदानं नळी हातात आल्यापासून ओळ टाकलीच होती, उचलली नव्हती. तिनं ती उचलली. तेव्हापासून कुलूप नाही प्लासिदाच्या तोंडाला, ती स्वतःच म्हणाली, ठेक्यात, अगदी बरोबर. आणि मग, पोर कडेवर असल्यामुळे कायदा आपल्यालाही लागू आहे, हे तिच्या ध्यानात आलेलं मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं :

*खेकड्याची नांगी लावली उबेर्तिनाच्या बेंबीला,*
*धरलं ते सोडेना बया, आग लागो नांगीला!*

"ठेका चुकला," उबेर्तिना पलीकडून म्हणाली.

"तुझं डोकं चुकलं. पुढचं गा."

पुढचं झालं. त्यापुढचं झालं. काही ओळी अशा होत्या की शिक्षिका म्हणून मी आत जायला हवं होतं. दोन्हीकडची सगळी पोरं कधी झोपली ते या दोघींनाही कळलं नाही. पोरं झोपल्यावर गाणं चालू ठेवलं तर ते कायद्यात बसतं की नाही, यावर गावात अजून वाद आहे.

होड्या परत आल्या. निदिया कमरेपर्यंत चिखलात माखलेली, टोपली डोक्यावर, वाटेच्या मधोमध येऊन थांबली. तिनं ऐकलं. आई पोपटाचं गाणं म्हणत होती.

"आई," ती म्हणाली, "तू स्वतः म्हणतेस?"

"पोर झोपली आहे ना? माझ्या बेंबीचं मी बघून घेईन," प्लासिदा म्हणाली. मग जरा हळू : "मला कंटाळा आलाय गं हिला इथून ओरडून सांगायचा. हिला इकडे बोलव."

"मी त्या दारात येणार नाही," उबेर्तिना म्हणाली. "तिथं एकदा येऊन गेले."

"मग मीही तुझ्या दारात येणार नाही!"

निदियानं टोपली फळीवर ठेवली. ती आईच्या घरात गेली आणि झोपलेली पोर घेऊन बाहेर आली, हात कोपरापर्यंत चिखलाचे, पोरीच्या दुपट्यावर काळे डाग. खांद्यावर सासूनं उंबऱ्यावर टाकलेली झोळी होती. ती तिनं फेकून दिली नव्हती. ती वाट ओलांडून सासूच्या ओसरीवर चढली.

"माझा चिखल वाळतोय. धरा."

उबेर्तिनाला हात पुढे करायला वेळ लागला.

"आईवरचं काय गायचं ते तुमचं तुम्ही दोघी बघा," निदिया म्हणाली. "पण शाळेतून ही रडत घरी आली तर मी तुमच्या तुळईच्या सगळ्या झोळ्या कापीन. आणि माझ्यावर एक ओळसुद्धा नाही."

उबेर्तिना ऐकत होती की नव्हती कोण जाणे. तिनं पोर उजेडाकडे वळवली. सगळे वाट पाहत होते, आता ही काय गाते. ती गायली नाही. मग म्हणाली :

"नाक माझ्या विहिणीचं आलंय. आता जन्मभर हेच बघायचं."

आणि ते नाक तिनं बोटाच्या मागच्या बाजूनं, जिथं जाळं विणून विणून कातडी राठ झालेली नाही तिथून, हळूच पुसलं. त्यावर चिखल नव्हता.

मी आता निवृत्त झाले आहे. दुपारी माझ्या खिडकीतून मला समोरची ओसरी दिसते. मायेर्ली शाळेत जाते. पोपटाचं गाणं तिच्यामागे कुणी म्हणत नाही, कारण तीच ते सगळ्यांत मोठ्यानं म्हणते आणि आजीसाठी नवी ओळ जुळवून आणते. नाताळात प्लासिदा अजून लाकडी बाळापुढे गाते. उबेर्तिना अजून तिकडे जात नाही, आणि गेली नाही हे सगळ्यांना कळेल अशा बेतानं ओसरीवर बसते. आवाज थोडा फाटला आहे. गेल्या आठवड्यात माझ्यावर नवीन गाणं झालं. शाळा सुटली तरी वही लिहिणाऱ्या म्हातारीचं आहे, बूट अजून पांढरेच आहेत अशी त्यात एक ओळ आहे, आणि ती बरोबर नाही. ते करडे आहेत.

गावातल्या पुष्कळ मुली आता काम शोधायला काली शहरात जातात, त्यामुळे तुळईला पूर्वीइतक्या झोळ्या नसतात. या महिन्यात तीन आहेत. मधल्या झोळीत मायेर्लीचा धाकटा भाऊ असतो.